पार्किंगवरून मारहाण झाली, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा कसा लावायचा

गाडी कुणाच्या जागेत लागली, कुणाच्या दारासमोर आडवी आली, यावरून सुरू झालेली बाचाबाची हातघाईवर येते. एकाचं मनगट मोडतं, दुसऱ्याच्या गाडीची काच फुटते. बहुतेक लोक पोलीस ठाण्यात तक्रार देतात आणि तिथेच थांबतात. फौजदारी खटल्यात दोषीला शिक्षा होऊ शकते, पण तुमचं हॉस्पिटलचं बिल, बुडालेला पगार आणि गाडीची दुरुस्ती यांचे पैसे मिळवण्याचा हक्काचा रस्ता दिवाणी दावा हाच आहे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. इथे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या न्यायालयांना धरून आहे.

दावा लावावा का, हे आधी ठरवा

दोन थपडा, एक बँडेज आणि मनस्ताप एवढंच असेल तर दिवाणी दावा लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षं तारखा पडतील आणि वकिलाची फी भरपाईपेक्षा जास्त होईल. हाड मोडलं, दात पडला, टाके पडले, शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे काम बंद राहिलं किंवा गाडीचं मोठं नुकसान झालं, तर मात्र विचार करा. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: समोरच्याकडून वसूल काय होणार? नोकरी, फ्लॅट, दुकान, बँक खातं यांपैकी काहीच नसलेल्या माणसाविरुद्धचा हुकूमनामा (दिवाणी न्यायालयाचा निकालाचा आदेश) कपाटात पडून राहतो.

आणखी एक गोष्ट तपासा. मारणारा एकटाच होता का? सोसायटीचा वॉचमन ‘गाडी काढा’ म्हणत अंगावर आला असेल, तर तो कामावर असताना आणि कामाच्या ओघात वागला म्हणून त्याला नेमणारी सुरक्षा एजन्सीही प्रतिवादी (जिच्याविरुद्ध दावा लावला ती बाजू) होऊ शकते. मालकाच्या सांगण्यावरून ड्रायव्हरने मारलं असेल तर मालकही. एकापेक्षा जास्त जणांनी मिळून मारलं असेल, तर न्यायालय त्यांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू शकतं, म्हणजे पूर्ण रक्कम त्यांच्यातल्या कुणाही एकाकडून वसूल करता येते. मात्र राग आहे म्हणून मारणाऱ्याच्या बायकोला, भावाला, सोसायटीच्या अध्यक्षाला दाव्यात ओढू नका. ज्याच्याविरुद्ध एकही ठोस कृती लिहिता येत नाही, त्याचं नाव वादपत्र (दावा ज्या अर्जाने लावतात तो) कमकुवत करतं.

मारणाऱ्याने गाडीच अंगावर घातली असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे मोटार अपघात दावा प्राधिकरणाचा रस्ताही तपासावा लागतो, कारण विमा कंपनीचा प्रश्न येतो. हे वकिलाशी पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

पुरावा पहिल्या आठवड्यात गोळा होतो, नंतर नाही

दवाखान्यात त्याच दिवशी जा. केस पेपरवर डॉक्टर ‘इजा कशी झाली’ हे लिहितात आणि पुढे प्रतिवादीचा वकील सगळ्यात आधी ती ओळ वाचतो. भीतीने किंवा ‘भानगड नको’ म्हणून ‘जिन्यावरून पडलो’ असं सांगितलं, तर दाव्याचा पायाच जातो. मारहाण झाली, कुठे, कशाने आणि ओळखीचा असेल तर कुणी, हे सांगा. मेडिको-लीगल केस (मारहाण, अपघात अशा प्रकरणांची हॉस्पिटलने केलेली नोंद) नोंदवली जाते आहे याची खात्री करा, तिचा नंबर लिहून घ्या. एक्स-रेवर तारीख आणि नाव असतं, तो जपा. जखमांचे फोटो पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने काढा. निळे व्रण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात.

पोलिसांत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत कलम ११५(२) मध्ये येते आणि ती अदखलपात्र आहे, म्हणून ठाण्यात फक्त ‘एन.सी.’ (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहिली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हाड किंवा दात मोडला वा निखळला, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजची कामं करता आली नाहीत, तर कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते आणि ११७(२) खाली दखलपात्र गुन्हा नोंदतो. लोखंडी रॉड, स्टंप, पाना अशा धोकादायक हत्याराने दुखापत केली तर कलम ११८ लागतं. म्हणून एक्स-रे आधी आणि जबाब नंतर, असा क्रम जमला तर बरा. पण एक्स-रेसाठी तक्रार दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एन.सी. झाली तरी ती दिवाणी दाव्यात उपयोगी आहे, कारण घटना त्याच दिवशी सांगितली गेली हे तिच्यातून दिसतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या.

आता सीसीटीव्ही. इथेच सगळ्यात जास्त दावे लंगडे पडतात. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) जुनं चित्रण स्वतःच पुसतो. डिस्क लहान असेल आणि कॅमेरे जास्त असतील तर आठवडाभरातच, एरवी फार तर महिनाभरात. म्हणून दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सचिवाला किंवा दुकानदाराला लेखी पत्र द्या: तारीख, घटनेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतची वेळ, कोणता कॅमेरा, आणि ‘हे चित्रण पुसलं जाणार नाही अशी व्यवस्था करावी’ ही स्पष्ट मागणी. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. सचिव टाळाटाळ करत असेल तर तेच पत्र तपास अधिकाऱ्याला द्या आणि डीव्हीआर ताब्यात घेण्याची विनंती करा.

प्रत घेताना चार चुका ठरलेल्या असतात. मॉनिटरच्या पडद्याचं मोबाइलने चित्रण केलं जातं. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली जाते, त्यात ती दाबली जाते आणि मूळ माहिती गळते. डीव्हीआरचं घड्याळ २०–२५ मिनिटं पुढे-मागे असतं, पण ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि प्रमाणपत्र घेतलं जात नाही. मूळ फॉरमॅटमध्ये पेन ड्राइव्हवर प्रत घ्या, त्या वेळी डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत टिपा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, ‘ब’ भाग तज्ज्ञ भरतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहायची असते. सचिव वर्षभराने बदलतो, नवा सही करायला तयार नसतो; ‘अ’ भाग प्रत घेतल्या दिवशीच भरून घ्या. तुमच्या स्वतःच्या मोबाइलमधल्या व्हिडिओचा ‘अ’ भाग तुम्हीच भरता. तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

साक्षीदारांची नावं, फ्लॅट नंबर आणि फोन त्याच आठवड्यात लिहून घ्या. शेजारी पहिल्या दिवशी तावातावाने बोलतो, सहा महिन्यांनी ‘मला मध्ये घेऊ नका’ म्हणतो. यात त्याचा दोष फारसा नाही. त्याला त्याच लिफ्टने रोज जायचं असतं. म्हणून घरचे नसलेले, सोसायटीबाहेरचे साक्षीदार शोधा: इस्त्रीवाला, डिलिव्हरी करणारा, समोरच्या दुकानातला नोकर.

खर्चाची फाइल

मूळ बिलं, औषधांच्या पावत्या आणि प्रत्येक पावतीमागचं प्रिस्क्रिप्शन जोडीने ठेवा. मेडिक्लेममध्ये मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात, तेव्हा हॉस्पिटलकडून आधीच शिक्क्याच्या प्रती घ्या. नोकरदाराने कंपनीचं रजा आणि पगारकपातीचं पत्र घ्यावं. ‘पगारी रजा होती, मग नुकसान काय?’ असा प्रश्न उलटतपासात (समोरच्या वकिलाच्या प्रश्नोत्तरांत) येतोच. खर्ची पडलेली रजा हेही नुकसान आहे, पण तसं वादपत्रात लिहिलेलं हवं. धंदा असणाऱ्याने आयकर विवरणपत्रं, जीएसटीचे तपशील आणि बँक खात्याचे उतारे काढावेत. रोख धंद्यात कागद नसतील तर न्यायालय अंदाजाने कमीच धरतं.

गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि शक्य असेल तर पोलिसांकडून पंचनामा करून घ्या. गॅरेजचं अंदाजपत्रक आणि अंतिम बिल दोन्ही हवेत.

रक्कम ठरवताना एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मनगटाचं हाड मोडलं: हॉस्पिटल ६८,४०० रुपये, फिजिओथेरपीच्या १२ खेपा प्रत्येकी ५०० प्रमाणे ६,०००, रिक्षा-टॅक्सी ३,६००, २१ दिवसांचा रोज १,१५० प्रमाणे बुडालेला पगार २४,१५०, गाडीची काच आणि दार १४,८००. कागदावर सिद्ध होणारं नुकसान झालं १,१६,९५०. यावर वेदना, मनस्ताप, पुढे राहणारा त्रास यांसाठी वेगळी रक्कम मागायची, समजा २,००,०००. दावा ३,१६,९५० रुपयांचा. ही दुसरी रक्कम मनाला येईल तशी ठरवू नका. कायमचं अपंगत्व असेल तर टक्केवारीचं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या, आणि मोटार अपघाताच्या दाव्यांत अशाच दुखापतीला किती भरपाई मिळते याचे निकाल वकिलाला काढायला सांगा. मारहाणीच्या दाव्याला ते बंधनकारक नाहीत, पण न्यायाधीशाला मोजपट्टी मिळते. पन्नास लाख मागून दोन लाख मिळण्यात शहाणपण नाही, कारण कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते.

मुदत

मुदत अधिनियम, १९६३ मध्ये मारहाणीच्या भरपाईसाठी स्वतंत्र कलम नाही, म्हणून उरलेल्या दाव्यांसाठीचं कलम ११३ लागतं: दाव्यास कारण घडल्यापासून ३ वर्षं. पण त्याच भांडणात तुम्हाला कोंडून ठेवलं, बदनामी केली किंवा खोटी केस केली आणि त्यासाठीही भरपाई मागायची असेल, तर त्या प्रत्येकाची मुदत १ वर्षच आहे. कोंडून ठेवलं असेल तर सुटका झाल्यापासून, खोट्या केसमध्ये निर्दोष सुटल्यापासून ती मोजतात. घटनेपासून वर्षाच्या आत दावा दाखल करा, म्हणजे हा वादच उरत नाही.

सर्वात महागडी चूक म्हणजे फौजदारी निकालाची वाट पाहणं. फौजदारी केस चालू आहे म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. शिवाय शिक्षा झाली तरी दिवाणी न्यायालय स्वतःच्या पुराव्यावर ठरवतं, आणि आरोपी सुटला तरी तुमचा दावा संपत नाही. फौजदारीत संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, दिवाणीत कुणाचं म्हणणं जास्त संभाव्य आहे एवढंच पाहिलं जातं. एक अपवाद ध्यानात ठेवा: आरोपीने फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला असेल, तर ती कबुली दिवाणी दाव्यात त्याच्याविरुद्ध वापरता येते. तिची प्रमाणित नक्कल काढून ठेवा.

कोणतं न्यायालय

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे घटना जिथे घडली तिथे किंवा प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तिथे दावा लावता येतो. गंमत म्हणजे त्या कलमाखालचं पहिलं उदाहरणच मारहाणीचं आहे: दिल्लीत राहणारा एक जण दुसऱ्याला कलकत्त्यात मारतो, दावा दोन्हीपैकी कुठेही चालतो. म्हणजे पुण्यात मारहाण झाली आणि मारणारा नाशिकचा असेल तर पुणे निवडा. साक्षीदार आणि डॉक्टर तिथलेच.

रकमेप्रमाणे ५ लाखांपर्यंत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, तिथे ‘रेग्युलर दिवाणी दावा’ नोंदतो. त्यापुढे वरिष्ठ स्तर, ‘स्पेशल दिवाणी दावा’. बृहन्मुंबईत हे दावे नगर दिवाणी न्यायालयात जातात.

पार्किंगच्या हक्काचा वाद या दाव्यात घुसडू नका. कोणती जागा कुणाची, सोसायटीने वाटप नियमाने केलं का, हा सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. सोसायटीला तिच्या कारभाराबद्दल प्रतिवादी करायचं असेल तर कलम १६४ प्रमाणे निबंधकांना २ महिन्यांची नोटीस लागते. ती राहिली तर सोसायटीपुरता दावा अडकतो. शिवाय ‘जागा माझी होती’ हे सिद्ध करत बसण्याची गरजच नाही. जागा त्याची असली, तरी मारायचा अधिकार त्याला मिळत नाही.

नोटीस, वादपत्र, फी

खासगी माणसाला नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी द्या. १५ दिवसांची मुदत, रकमेचा तपशील, पोच मिळेल असं टपाल. उत्तरात ‘मी धक्का दिला, पण त्यानेच आधी शिवी दिली’ असं आलं, तर तो घटनास्थळी होता आणि हात लावला हे मान्य झालं. नोटिशीत शिव्या किंवा ‘जेलमध्ये टाकू’ अशी भाषा नको. तीच नोटीस पुढे न्यायाधीशाच्या हातात असते.

वादपत्र घटनेच्या क्रमाने, छोट्या परिच्छेदांत. वेळ, जागा, कोणत्या हाताने, कशाने, शरीरावर कुठे, किती वेळा. एफआयआरमध्ये ‘डाव्या हातावर रॉड’ आणि वादपत्रात ‘उजव्या हातावर’ असं आलं की उलटतपासाचा अर्धा दिवस त्यातच जातो. तुम्ही काही बोललात किंवा ढकललंत, तर ते लपवू नका. चित्रणात दिसणारच आहे. पुढे दाव्यास कारण कधी घडलं, न्यायालयाचा अधिकार, मुदत, मूल्यांकन आणि मागणी. सत्यापन आणि शपथपत्र, कागदपत्रांची यादी, वकीलपत्र, पत्त्याचा मेमो सोबत. प्रतिवादी पुन्हा दमदाटी करत असेल तर मनाई हुकुमाचा अर्ज त्याच दिवशी द्या. जिल्हा न्यायालयांत यालाच ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हणतात.

कोर्ट फी कमी भरली तर न्यायालय मुदत देतं, तरीही भरली नाही तर वादपत्र नाकारलं जातं. महिला वादींना महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने काही प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे आणि त्यात हिंसेशी संबंधित प्रकरणं येतात. वादपत्रात या अधिसूचनेचा उल्लेख करा. फी भरण्याची ऐपतच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली अर्ज करता येतो. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.

दाखल केल्यानंतर

सोळा अक्षरी सीएनआर नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर तारखा स्वतः पाहा. समन्सचा भत्ता वेळेत भरा. शेजारीच राहणारा प्रतिवादी बेलिफ (समन्स घेऊन येणारा न्यायालयाचा कर्मचारी) आला की दार उघडत नाही. तेव्हा नोकरीच्या ठिकाणचा पत्ताही द्या, तरीही टाळलं तर दारावर समन्स चिकटवण्याचा आदेश मागा. कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) ३० दिवस, वाढवून ९० पर्यंत. साध्या दाव्यात यापुढेही उशीर खर्च लावून माफ केला जातो, त्यामुळे ‘कैफियत नाही’ असा आदेश झाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

बचाव ठरावीक असतात. स्वसंरक्षण, ‘आधी त्यानेच हात उचलला’, जखम जुनी होती, आणि तुमच्याविरुद्धची उलट तक्रार. प्रतिदावाही (त्याच दाव्यात त्याने तुमच्याविरुद्ध केलेली मागणी) येऊ शकतो. स्वसंरक्षणाच्या बचावाला चित्रणातले शेवटचे काही सेकंद उत्तर देतात: तुम्ही खाली पडल्यावरही लाथा चालू होत्या का?

मुद्दे निघाल्यावर (न्यायालयाने वादाचे प्रश्न ठरवल्यावर) १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्या. सरतपास (साक्षीदाराची मूळ साक्ष) शपथपत्रावर होतो, उलटतपास तोंडी. नुसतं वैद्यकीय प्रमाणपत्र दाखल केल्याने ते सिद्ध होत नाही. डॉक्टर साक्षीला यावे लागतात. सरकारी डॉक्टरांची बदली झालेली असते, म्हणून त्यांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक केस पेपरवरून आधीच टिपून ठेवा. एफआयआर आणि पंचनामा यांचंही तसंच आहे, ते लिहिणारा किंवा पंच साक्ष देतो तेव्हाच त्यांना वजन येतं. तुम्ही आणि वकील दोघंही तारखेला गैरहजर राहिलात तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तो परत बोर्डावर आणायला ३० दिवस मिळतात.

तडजोड कधीही होऊ शकते. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पण फौजदारी केस मागे घेण्यासाठी पुरसिस (न्यायालयात दिलेलं छोटं लेखी निवेदन) किंवा शपथपत्रावर सही करताना सावध राहा. ‘आता आमची काही तक्रार नाही’ असं ठोकळेबाज वाक्य दिवाणी दाव्यात तुमच्यासमोर ठेवलं जातं. भरपाईची रक्कम, ती मिळाल्याची तारीख आणि दिवाणी दावा मिटला की नाही, हे त्यातच लिहा. धनादेश वटल्याशिवाय सही नको. फौजदारी न्यायालयाने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ३९५ खाली भरपाई दिली असेल, तर ती दिवाणी भरपाई ठरवताना विचारात घेतली जाते.

आणखी एक तिढा फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३०६ प्रमाणे मारहाणीच्या भरपाईचा हक्क हा व्यक्तीपुरता असतो. दावा चालू असताना वादी किंवा प्रतिवादी वारला तर वेदना-मनस्तापाची मागणी सहसा वारसांकडे जात नाही. हॉस्पिटल खर्च, पगार, गाडी ही मालमत्तेची हानी आहे, तिच्याबद्दल भांडता येतं. वादपत्रात दोन्ही रकमा वेगळ्या लिहायचं हेही एक कारण.

हुकूमनाम्यानंतर वसुली

पैसे आपोआप येत नाहीत, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. मुदत १२ वर्षं. आधी प्रतिवादीला मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावा, मग बँक खातं, गाडी, फ्लॅट यांची जप्ती मागा. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ४०,००० पगार धरला तर महिन्याला सुमारे १३,००० हाती लागतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. दावा चालू असतानाच प्रतिवादी फ्लॅट विकायला निघाला असेल, तर निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज आदेश ३८ नियम ५ खाली करा. जाहिरातीचं कात्रण किंवा दलालाचा मेसेज असा काहीतरी पुरावा त्यासोबत लागतो. नुसत्या संशयावर न्यायालय हा हुकूम देत नाही.